मँचेस्टरच्या डॉक्टरांची पत्रं

शीला पगारेला एक्केचाळिसावं लागलं, त्या वर्षी तिच्या भावजयीनं तिचं नाव इंटरनेटवर घातलं. साल २००८.

शीलाला आधी कळलंही नाही. एका दुपारी प्रीती इन्स्टिट्यूटमध्ये आली आणि कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाली, "ताई, रागावू नका हं. लग्नाच्या साइटवर तुमचं नाव टाकलंय. फोटो मावशींच्या नातवाच्या बारशातला आहे, चांगला आलाय."

"प्रीती, माझं वय काय, आणि मी नटूनथटून कुणासमोर बसू?"

"कुणासमोर बसायचंच नाही. इथंच तर मजा आहे."

अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनकडून शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधांच्या दुकानाच्या माळ्यावर 'शिवराम टायपिंग इन्स्टिट्यूट' होतं. शीलाचे वडील शिवराम ऑर्डनन्स फॅक्टरीत टायपिस्ट होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सहा जुनी मशीनं घेऊन क्लास काढला. मग अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली, तरी काठी टेकत ते वर्गात येऊन बसायचे. आठ वर्षं शीलानं क्लासही सांभाळला आणि आबांनाही. त्याच वर्षांत धाकट्या राजरत्नचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. आबा गेले तेव्हा शीला चौतीस वर्षांची होती. तिचं लग्न कुणी मुद्दाम थांबवलं नव्हतं. ते आपोआप राहून गेलं.

साइटवरून पहिल्या महिन्यात तीन जणांची उत्तरं आली. एकाला स्वयंपाक करणारी हवी होती. दुसऱ्यानं पहिल्याच ओळीत विचारलं की क्लासचा गाळा भाड्याचा आहे का मालकीचा. तिसऱ्यानं नुसतंच 'हाय' लिहिलं. शीलानं तिघांचीही पत्रं राजरत्न आणि प्रीतीला मोठ्यानं वाचून दाखवली आणि जेवणाच्या पानावर सगळे पोट धरून हसले. आई, द्रौपदीबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसा. पण साइट बंद करू नका."

मग डॉक्टर अनिरुद्ध गजभिये आले.

मूळचे नागपूरचे, आता मँचेस्टरला हाडांचे डॉक्टर. वय सत्तेचाळीस, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. फोटो एकच होता. निळा कोट, मागं दगडी इमारत. पण त्यांची पत्रं! इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, साधी, मनापासूनची. क्लासमध्ये आज कोण कोण आलं, मराठीचं मशीन इंग्रजीपेक्षा अवघड का, असं ते विचारायचे. आईचा गुडघा दुखतो असं शीलानं एकदा सहज लिहिलं, तर पुढच्या पत्रात पहिला प्रश्न गुडघ्याचाच. जाड मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधा आणि शेका, असं त्यांनी लिहिलं.

"डॉक्टर असून घरगुती उपाय सांगतो," द्रौपदीबाई खूश होऊन म्हणाल्या. "माणूस जमिनीवर आहे."

शीलाच्या वागण्यात फरक पडला. सकाळी कुलूप काढताना ती गुणगुणायला लागली. उल्हासनगरला कँप तीनमध्ये जाऊन तिनं पोपटी रंगाची साडी आणली, जी तिनं आधी तीनदा हातात घेऊन परत ठेवली होती. एखाद्या मुलीची ओळ वाकडी गेली तर 'जाऊ दे, परत मार' म्हणायला लागली. मुली एकमेकींकडे बघायच्या. मॅडमना झालंय काय!

फोन मात्र कधी आला नाही. शीलानं दोनदा विचारलं. ऑपरेशन थिएटरमध्ये फोन चालत नाही, घरी येईपर्यंत भारतात उशीर झालेला असतो, असं उत्तर आलं. एकदा त्यांनी लिहिलं की आपलं ठरेपर्यंत बाहेर कुणाला सांगू नका, लोकांची नजर लागते. शीलाला ते थोडं खटकलं. आंबेडकरी चळवळीत वाढलो असं लिहिणारा माणूस नजर लागण्यावर विश्वास ठेवतो? पण तिनं स्वतःलाच समजावलं, परदेशात एकटा राहतो, मन हळवं झालं असेल.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं की डॉक्टरांनी भेटीचं पार्सल पाठवलंय. त्यात लॅपटॉप, आईसाठी गुडघ्याचा पट्टा आणि सोन्याची साखळी. आणि सोमवारी दुपारी फोन वाजला. बाई हिंदीत बोलत होती. दिल्ली विमानतळ, कस्टम खातं. पार्सल अडकलंय, साडेअडतीस हजार भरा, नाहीतर परदेशातून सोनं मागवल्याची केस होईल. तिनं खात्याचा नंबर सांगितला आणि त्यावरचं नाव सांगितलं. कुणीतरी दिनेशकुमार.

शीला घाबरली. लगेच डॉक्टरांचं पत्र आलं, मी शरमिंदा आहे, तुम्ही आता भरा, मी पुढच्या महिन्यात येतोय तेव्हा हातात देईन, कुणाला सांगू नका.

तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी डॉक्टरांना पत्र लिहायला बसली आणि घाबरलेलं माणूस जसं भरकटत बोलतं तसं लिहीत गेली. बुधवारी बँकेत जाते असं लिहिलं. मग चार नंबरच्या मशीनचा ई अडकतो, तो आबा काडीनं सोडवायचे. आबा म्हणायचे, बोटं बघू नका, कागद बघा. आज आबा असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. असं सगळं.

बुधवारी सकाळी पासबुक पर्समध्ये टाकून ती क्लासवर आली. बँक दहाला उघडणार होती. अजून तास होता. रात्रीत आलेलं डॉक्टरांचं उत्तर तिनं उघडलं. पत्र छोटं होतं. तब्येतीची काळजी घ्या, वेळेवर जेवा, आईंना नमस्कार सांगा, एवढंच. आणि सगळ्यात खाली, सहीच्याही खाली, एक नक्षी होती. आडवी रेघ, लहान ओ, रेघ, मोठा ओ, रेघ, लहान ओ, रेघ.

शीला खुर्चीत मागं टेकली.

ती आबांची कडी होती. पत्र संपलं की दाराला कडी लावायची, असं आबा मुलांना सांगायचे आणि ही नक्षी मारायला लावायचे. कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. परीक्षेत तिचे मार्कही मिळायचे नाहीत, उलट एकदा बोर्डानं एका मुलाचे दोन कापले होते. आबा गेल्यावर शीलानं ती शिकवणं बंद केलं होतं. या क्लासच्या जुन्या मुलांखेरीज ती जगात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

ती उठली, प्रिंटर सुरू केला आणि तीन महिन्यांची सगळी पत्रं छापून काढली. मग लाल पेन घेऊन, वीस वर्षं जे करत आली तेच करायला बसली. तपासायला.

अर्ध्या तासात तिला दिसलं की हे एका हाताचं टायपिंग नाही. गुडघा, क्लास, मराठी मशीन, ही सगळी पत्रं एकाच शिकलेल्या हाताची होती. पूर्णविरामानंतर बरोबर दोन जागा सोडलेल्या. आणि जिथं एकचा आकडा हवा तिथं दर वेळी छोटा एल. जुन्या मशीनवर एकची कळच नसते, एल मारूनच भागवावं लागतं, आणि त्या मशीनवर शिकलेल्या माणसाची ती सवय कॉम्प्युटरवरही जात नाही. पैशाची आणि 'कुणाला सांगू नका'ची पत्रं मात्र दुसऱ्याची होती. स्वल्पविरामानंतर जागा नाही, मोठं अक्षर नाही, एका ओळीत चार चुका.

मग तिला तो पैशांचा फोनही नीट ऐकू यायला लागला. आयुष्यभर परीक्षेची सरकारी चलनं भरलेली बाई ती. सरकार कधी दिनेशकुमारच्या नावावर पैसे घेतं का?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साडेअडतीस हजार वाचले म्हणून नाही. तीन महिने सकाळी उठल्यावर जे पहिलं आठवायचं, ते नव्हतंच. मग डोळे पुसून तिनं प्रीतीला फोन लावला.

प्रीती दवाखान्यातली रिसेप्शनची ड्यूटी दुसऱ्या मुलीवर सोपवून धावत आली. सगळं ऐकून ती रडकुंडीला आली. "ताई, मीच तुमचं नाव टाकलं."

"तू नाव टाकलंस. दिनेशकुमारला तू आणलं नाहीस. डोळे पूस आणि ती कपाटातली जुनी रजिस्टरं काढ."

आबांच्या हातची शेवटची रजिस्टरं. दोघी नावं वाचत गेल्या. एवढ्या नावांत शोधायचं कसं? शीलाला मग डॉक्टरांचं एक पत्र आठवलं. नागपूरच्या त्या माणसानं लिहिलं होतं की आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट आठवते. तेव्हा तिला गंमत वाटली होती. नागपूरकडे ज्वारीची भाकरी. तांदळाची भाकरी आणि सुकट इथली, आपल्या इकडच्या आगरी घरांतली.

"बदलापूर गाव," शीला म्हणाली. "आबांच्या वेळी आगरी घरांतून दोघीच यायच्या, दोन्ही तिथल्याच."

त्यातली एक लग्न होऊन गुजरातला गेली होती. दुसरी जिज्ञासा भोईर. चार नंबरच्या मशीनवर बसायची.

दुपारी दोघी रिक्षानं बदलापूर गावात पोचल्या. भोईरांचं घर विचारायला लागलं नाही, रिक्षावाल्यालाच माहीत होतं. ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत बसली होती. जिज्ञासाची आई, सगुणाबाई.

"कोन पायजे?"

"मी जिज्ञासाची टायपिंगची मॅडम. अंबरनाथची."

सगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आगो बाय माझे! शिवरामसरांची पोर तू? ये, ये, घरात ये. आमची जिगू कामाव गेलीय, कँप तीनला. लगीन जमवायचं हाफिस हाय त्यांचा. सहाला येल. जेवल्याबिगर जायचं नाय हां."

दोघींना जेवायला बसवलंच. गरम तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. प्रीतीनं पहिला घास घेतला, शीलाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ताई, डॉक्टर खरं बोलत होते. आईच्या हातची भाकरी आठवण्यासारखीच आहे." इतक्या वेळानं शीलाला पहिल्यांदा हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. ठसका लागला. सगुणाबाई पाणी घेऊन धावल्या.

सव्वासहाला जिज्ञासा दारात आली. सव्वीस वर्षांची, खांद्याला पर्स, ओढणी डोक्यावरून घेतलेली. शीलाला बघून ती दारातच थांबली आणि चेहरा ओंजळीत घेऊन रडायला लागली.

"रडू नकोस," शीला म्हणाली. "कडी पोचली."

जिज्ञासानं मग सगळं सांगितलं. कँप तीनमध्ये जीन्स शिवायच्या कारखान्यावर एक खोली, तिथं चार कॉम्प्युटर. पेपरात जाहिरात होती, मराठी टायपिंग येणारी मुलगी पाहिजे, वधूवर सूचक कार्यालय. साहेबांनी सांगितलं होतं की परदेशातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना लिहायला वेळ नसतो, ते सांगतात आणि आपण त्यांच्या वतीनं छान लिहायचं. समोरच्या बाईचं नाव मुलींना कळायचं नाही, नुसता नंबर असायचा. लिहिलेलं पत्र साहेब वाचायचे आणि मगच पाठवायचे. मधली काही पत्रं ते स्वतः लिहायचे, त्यात काय असतं ते मुलींना दाखवायचे नाहीत.

"मला खरंच वाटायचं मॅडम, की कुठंतरी एक डॉक्टर आहे. मी आपली त्याला बरं दिसेल असं लिहायची. मीठ शेकायचं आमची आई सांगते. टायपिंगचे क्लास गल्लोगल्ली आहेत, म्हणून आधी कळलं नाही. काल तुमचं पत्र हातात आलं. चार नंबरचा ई, बोटं बघू नका... मला घामच फुटला. आणि त्यात बँकेचं वाचलं, तेव्हा कळलं साहेब काय करतात. फोन करावासा वाटला, पण तुम्हाला काय तोंड दाखवू? साहेब म्हणतात, काही झालं तर पहिल्यांदा तुम्हीच आत जाल. मग कडी घातली. साहेबांना वाटलं डिझाइन आहे. मला माहीत होतं, तुम्ही बघणार."

सगुणाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना इंटरनेट कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. "जमिनीचे दलाल आल्ते ना गावान," त्या म्हणाल्या, "तवा बी आसाच. मालक दिसायचा नाय, सातबारा दिसायचा नाय, आन घाई किती! आजच अंगठा द्या, भावाला सांगू नका. मी म्हनलं, भावाला सांगायचं नाय त्या कागदाव माझा अंगठा नाय. नाय दिला. म्हनून ही भाताची खाचरं हायेत आजून."

"सगुणाताई," शीला म्हणाली, "तुम्ही मला तीन महिन्यांपूर्वी भेटायला हव्या होत्या."

गुरुवारी सकाळी शीला, प्रीती आणि जिज्ञासा पोलीस ठाण्यात गेल्या. शीलानं तक्रार घरीच टाइप केली होती. मुद्दे क्रमानं घातलेले, सोबत पत्रांच्या प्रती, प्रत्येक प्रतीवर कोणता हात कोणाचा ते समासात लिहिलेलं, कार्बन लावून चार नकला. इन्स्पेक्टरांनी पहिलं पान सावकाश वाचलं. मग दुसरं जरा भरभर. मग शेजारच्या शिपायाला म्हणाले, "आपल्या रायटरला बोलव. तक्रार कशी असते ते त्याला दाखवायचंय."

शुक्रवारी जिज्ञासा नेहमीसारखी कामावर गेली. तिच्यामागून साध्या कपड्यांतले चार पोलीस, जीन्स घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांसारखे, गल्लीत शिरले. शीला आणि प्रीती समोरच्या लस्सीच्या दुकानात बसल्या होत्या. यायचं नाही असं इन्स्पेक्टरांनी दोनदा बजावलं होतं, आणि दोन्ही वेळा शीलानं मान डोलावली होती. गल्लीत शिलाई मशिनींचा एकच घरघराट होता, दारादारांत निळ्या पॅन्टींचे ढीग, हातगाडीवाले 'बाजू हो, बाजू' ओरडत होते.

पंधरा मिनिटांनी साहेब जिन्यानं खाली आले, दोन्ही बाजूंनी पोलीस. चाळिशीचा, टापटीप, चारचौघांसारखा माणूस. रस्त्यात दिसला तर शीलानं दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. तिनं लस्सीचा ग्लास ठेवला आणि रस्ता ओलांडला.

"अहो बाई, मागं व्हा," एक हवालदार म्हणाला.

"एकच मिनिट. यांचा पेपर द्यायचा राहिलाय."

तिनं पर्समधून पैशाचं पत्र काढलं. पान लाल शाईनं भरलं होतं. "एका पानात अठ्ठावीस चुका," ती त्या माणसाला म्हणाली. "स्वल्पविरामानंतर एक जागा सोडायची असते. नापास."

हवालदारानं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्याला जमलं नाही. कारखान्यातले कारागीर दारात आले होते, तेही हसले. कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं. माणूस खाली मान घालून जीपमध्ये बसला.

संध्याकाळी क्लासवर चहा झाला, राजरत्ननं शेव आणि सामोसे आणले, द्रौपदीबाई गुडघा धरत माळ्यावर चढून आल्या. सगळे एकदम बोलत होते. जिज्ञासा मात्र आपली वही चाळत होती. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, अजून अकराजणी आहेत. मी ज्यांना लिहायची त्या."

प्रीतीनं हातातली सामोशाची बशी खाली ठेवली.

"त्यांना वाटत असणार, डॉक्टर बिझी आहेत. त्या वाट बघत बसतील."

तिच्या वहीत फोन नंबर होते. पत्रांत बायकांनी स्वतःच लिहिलेले, एकदा तरी फोन करा म्हणून. रविवारी क्लासला सुट्टी होती. शीला, प्रीती आणि जिज्ञासा तिघी सकाळी नऊला फोनजवळ बसल्या.

पहिल्या बाईनं 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. दुसरी साताऱ्याची शिक्षिका. ती चिडली. "तुम्हाला काय करायचंय? जळता का कुणाचं चांगलं झालेलं बघून?" शीला शांतपणे म्हणाली, "माझं ऐकू नका. तुमच्या इंजिनिअरना लिहा की उद्या संध्याकाळी माझ्या भावाशी दोन मिनिटं फोनवर बोला. ज्या हॉस्पिटलचं किंवा कंपनीचं नाव सांगतात, तिथं तुम्ही स्वतः फोन करून विचारा. खरा माणूस असेल तर त्याला आनंद होईल. मला चार दिवसांनी शिव्या घाला." चार दिवसांनी तिचा फोन आला. शिव्या घातल्या नाहीत.

एकीचे वीस हजार गेले होते. प्रीतीनं तिला तक्रार कुठं आणि कशी द्यायची ते सांगितलं, आणि सोबत येते म्हणाली. नंतर ती खरंच गेलीही, पनवेलपर्यंत.

आणि नवव्या बाई, कुंदाताई. डोंबिवलीच्या, पन्नाशीच्या, पाळणाघर चालवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पैशाचं जाऊ दे, मी दमडी दिली नव्हती. मला सांगा, पत्रं कोण लिहायचं?"

शीलानं जिज्ञासाकडे बघितलं. जिज्ञासानं घाबरत फोन हातात घेतला. "मी लिहायची."

"किती वर्षांची तू?"

"सव्वीस."

मग कुंदाताई म्हणाल्या, "माझ्या वाढदिवसाला तू लिहिलं होतंस, की लहान पोरांना झोपवणाऱ्या माणसाला कुणी झोपवत नाही, म्हणून आज दुपारी तास-दीड तास दार लावून झोपा. मी झोपले होते गं. वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोपले. ये एकदा डोंबिवलीला. तुझं तोंड बघायचंय मला."

जिज्ञासा परत रडायला लागली, पण या वेळी ती हसतही होती. प्रीतीनं तिला रुमाल दिला आणि मग स्वतःच्या डोळ्यांसाठी परत मागून घेतला.

पोलिसांनी जिज्ञासाला आणि दुसऱ्या दोघी मुलींना साक्षीदार केलं. केस लांबली, केसेस लांबतातच. जिज्ञासा दिवाळीनंतर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागली, सकाळच्या तीन बॅच तिच्याकडे. पहिल्याच आठवड्यात तिनं शुक्रवारचा एक तास वेगळा काढला. त्याला कुणी नाव ठेवलं नाही, फीही ठेवली नाही. क्लासच्या मुली यायच्या, मग त्यांच्या आया, मावश्या यायला लागल्या. जिज्ञासा स्क्रीनवर पत्र उघडायची आणि विचारायची, "सांगा, कुठे गडबड आहे?" बायका पैजा लावून चुका शोधायच्या. फोन टाळतो! फोटो एकच! महिन्यात लग्नाचं बोलतो! एकदा सगुणाबाई येऊन मागच्या बाकावर बसल्या आणि मध्येच ओरडल्या, "सातबारा मागा त्याचेकडं!" वर्ग हसून लोटपोट.

शीलानं साइटवरचं नाव काढलं नाही. उलट माहिती स्वतः परत लिहिली. बारशातला फोटो काढून क्लासमधला लावला, चष्मा आणि लाल पेनासकट.

फेब्रुवारीत श्यामकांत अहिरे म्हणून एकाचं पत्र आलं. बदलापूरला एका कंपनीत स्टोअरकीपर, चव्वेचाळीस वर्षांचे, घटस्फोट झालेला. पत्रं अगदी साधी. 'आज पाणी आलं नाही.' 'आज स्टॉक मोजला, पाय दुखतात.' तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, फोन करू का, आणि कोणत्या वेळी केला तर आईंना त्रास होणार नाही. आवाज जाड, मध्येमध्ये खोकला. चौथ्या फोनला शीला म्हणाली, भेटू या.

रविवारी सकाळी अकरा वाजता, अंबरनाथ स्टेशनसमोरच्या उडप्याकडे. शेजारच्या टेबलावर प्रीती आणि जिज्ञासा डोसा खात बसल्या होत्या आणि आपला काही संबंध नसल्यासारखं दाखवत होत्या. शीलानं पोपटी साडी नेसली होती. साडीचा काही दोष नव्हता.

श्यामकांत आले ते एकटे नव्हते. मागून त्यांची थोरली बहीण आणि मेहुणे आले, नमस्कार न करता दूरच्या टेबलावर बसले आणि उगाचच मेन्यू वाचायला लागले. श्यामकांतांच्या काखेत प्लॅस्टिकची फाइल होती.

"जय भीम," ते म्हणाले, आणि बसल्या बसल्या फाइल उघडली. "रागावू नका हं. हे कंपनीचं ओळखपत्र, ही पगाराची स्लिप, हा कोर्टाचा हुकूम, घटस्फोटाचा. रेशनकार्डही आणलंय. आजकाल नेटवरून फार फसवाफसवी चालते म्हणतात. बहीण म्हणाली, आधी तू कागद दाखव, मग त्यांचे बघ." ते जरा अडखळले. "म्हणजे, तुमचे दाखवलेच पाहिजेत असं नाही."

शीलानं पर्स उघडली आणि आपलं रेशनकार्ड टेबलावर ठेवलं.

दोघांनी एकमेकांची कार्डं बघितली. श्यामकांतांच्या कार्डावर त्यांचं नाव 'शामकांत' असं चुकीचं छापलं होतं. शीलाचा हात सवयीनं पर्समधल्या लाल पेनाकडे गेला आणि तिनं तो मागं घेतला. श्यामकांतांनी ते बघितलं.

"करा की दुरुस्त," ते म्हणाले. "नऊ वर्षं अर्ज करतोय, कुणी करत नाही."

शीला हसायला लागली. मग तेही हसले, खोकला लागेपर्यंत. दूरच्या टेबलावर बहिणीनं मेन्यू खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर जिज्ञासानं प्रीतीला कोपरानं ढोसलं.

वेटर पाणी ठेवून गेला. "दोन चहा?" त्यानं विचारलं.

"सहा," शीला म्हणाली, "आणि ती टेबलं जवळ घ्या, भाऊ. सगळे आमच्याबरोबरच आहेत."